भूक लागली

आज परभणीच्या क्लासात जिंतूरहून एस्टीनं येणारी पोरगी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलली. "हंगर केम टू मी." मागची पोरं हसली. तिनं मान खाली घातली.

मी खडू ठेवला आणि हसणाऱ्यांनाच विचारलं, 'मला भूक लागली' यात कर्ता कोण? सगळे गप्प. अरे, मराठीत क्रियापद भुकेच्या मागं चालतं. मुलगा बोलला तरी 'लागली'च! इंग्रजीत मात्र 'आय' पुढं येतो: 'आय अ‍ॅम हंगरी.' पोरीची चूक झाली ती मराठी पक्की असल्यामुळं.

बोलणाऱ्याला मी मधेच अडवत नाही, वाक्य पुरं होऊ देतो. आमच्या वेळी छडी होती, तिनं तोंडं बंदच झाली.

जाताना ती दारात थांबली. "सर, उद्या बी मीच आधी बोलते."