यंत्र काढल्यानंतरची भाषा

माझी भाची रात्री झोपण्यापूर्वी कानामागचे यंत्र काढते. डोक्याला चुंबकाने धरून राहिलेली चकती अलगद सुटते, यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबीत जाते आणि मग सकाळपर्यंत तिला काहीही ऐकू येत नाही. दिवसभराच्या गोष्टी सांगण्याची तिची खरी वेळ मात्र तीच असते. हात, भुवया आणि डोळे एकदमच बोलू लागतात.

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, झाल्यावर घरात खुणा केल्यास मुलगी बोलायला शिकणार नाही, असे आम्हाला बजावण्यात आले होते. आम्ही ते दोन वर्षे निमूटपणे पाळले. त्या काळात आंघोळीच्या वेळी किंवा बॅटरी संपल्यावर तिची समजूत घालण्याचे कोणतेही साधन आमच्यापाशी नव्हते, याची खंत मला आजही वाटते. हा सल्ला जुनाच आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांऐवजी केवळ बोलण्यातून शिकवण्याचा, म्हणजे वाचिक शिक्षणाचा, पुरस्कार केला आणि त्यानंतर अनेक देशांतील कर्णबधिर मुलांना वर्गात हात आवरून बसावे लागले. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त होण्यास २०१० सालची व्हँकुव्हर येथील परिषद उजाडावी लागली.

इम्प्लांटचे मोल मी जाणते. आजीची हाक तिला त्यामुळेच कळते. परंतु आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या हजारो केशपेशींचे काम दोन डझनांहूनही कमी इलेक्ट्रोडवर सोपवलेले असते, त्यामुळे लग्नघरातल्या गलबल्यात शब्द तिच्या हाती लागत नाहीत. तेथे ती दमते आणि गप्प होते.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे: ‘कुठे’, ‘काय’ हे प्रश्नशब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात आणि प्रश्नाचा सूर चेहऱ्यावर उमटतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला, तो २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला. तरीही भाषा कोशातून येत नाही, ती माणसांकडून येते. आम्हाला शिकवणाऱ्या कर्णबधिर ताईंनी भाचीला खुणेचे नाव दिले, ते तिच्या गालावरच्या खळीवरून, यंत्रावरून नव्हे. त्या दिवशी ती आरशासमोर कितीतरी वेळ ते नाव करून पाहत होती.

आता आजीचे नाव तिने स्वतः ठेवले आहे: नाकावरून घसरणारा चष्मा बोटाने वर सारण्याची खूण.