क्युरियमचा नववा हिस्सा

सकाळी आमच्या अणुगणिताच्या सॉफ्टवेअरच्या चाचणीचा निकाल उघडला आणि समोरचा चहा तसाच राहिला. चाचणी साधी होती: अमेरिशियम-२४१ न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायचं आणि काही दिवसांनी काय काय तयार झालं ते गणिताने काढायचं. युरेनियम-प्लुटोनियमच्या मोठ्या चाचण्या आदल्याच आठवड्यात बिनबोभाट पास झाल्या होत्या. इथे मात्र क्युरियम-२४२ फारच कमी येत होतं.

पहिला संशय अर्थात फाइल वाचणाऱ्या कोडवर. न्यूक्लियर डेटाचा ईएनडीएफ फॉरमॅट पंचकार्डांच्या जमान्यातला. ८० अक्षरांची ओळ, प्रत्येक आकड्याला ११ जागा, आणि जागा वाचवायला घातांकाचा ‘ई’च गाळलेला. अमेरिशियम-२४२ चं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) १६.०२ तास, म्हणजे ५७,६७२ सेकंद; ते फाइलमध्ये ५.७६७२००+४ असं दिसतं. पायथॉनला हे तसंच दिलं की तो हात वर करतो. आमचा कोड मधे ‘ई’ घालून घेत होता, आणि नीट घालत होता. दुपारी दोनपर्यंत क्षयाचा अख्खा तक्ता ओळ न् ओळ तपासला. चूक नाही. डोकं मात्र उठलं.

शेवटी आमच्या सल्लागार सरांना फोन लावला. सर निवृत्त, रिअॅक्टर फिजिक्समध्ये जन्म गेलेला.

“कमी येतंय, सर.”

“कमी म्हणजे किती? अपेक्षित आकड्याने भागलंस का?”

भागलं नव्हतं. भागलं तर ०.११.

“म्हणजे एकास नऊ. कॅप्चरच्या शाखा बघ. कुणीतरी अदलाबदल केलीय.”

अमेरिशियम-२४१ ने मंद न्यूट्रॉन गिळला (हेच कॅप्चर) की दोन शाखा फुटतात: साधारण नव्वद टक्के वेळा २४२ ची मूळ अवस्था तयार होते आणि दहा टक्के वेळा मेटास्टेबल, म्हणजे जास्तीची ऊर्जा धरून टिकणारी अवस्था. मूळ अवस्था काही तासांत बहुतेक क्युरियम होऊन जाते. मेटास्टेबलचं अर्धायुष्य तब्बल १४१ वर्षं. ती बसून राहते. आमचे नव्वद टक्के त्या बसून राहणाऱ्या खात्यात जमा होत होते.

शाखांचा तक्ता एमसीएनपी या न्यूट्रॉन-गणिताच्या प्रोग्रॅमच्या क्रमांकांत होता: आधी अणुक्रमांक, त्याला जोडून तीन आकडी वस्तुमानांक. तिथला नियम असा: पहिल्या मेटास्टेबल अवस्थेसाठी वस्तुमानांकात ४०० मिळवायचे. चांदी-११०एम (एम म्हणजे मेटास्टेबल) म्हणजे ४७५१०. क्रमांकावरून अवस्था ओळखायला मी तोच नियम उलट्या दिशेने लावला होता, म्हणून ९५६४२ म्हणजे २४२एम. पण अमेरिशियम-२४२ हा त्या नियमाचा अपवाद! तिथे ९५२४२ मेटास्टेबल आणि ९५६४२ मूळ अवस्था. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलंही होतं, पण चांदीचं उदाहरण जुळल्यावर पुढे कोण बघतो?

कोड उघडला, तर त्या फंक्शनवर माझीच कॉमेंट: ‘सगळ्या मेटास्टेबलना हाच नियम.’

अपवादाची एक ओळ घालून भागलं असतं. मी मात्र तो पाच आकडी क्रमांक आतल्या डेटाबेसमधून काढूनच टाकला. अणुक्रमांक, वस्तुमानांक, अवस्था असे तीन वेगळे रकाने केले. जुने क्रमांक आता फक्त आत येताना एकदाच, अपवादांच्या यादीसह उलगडले जातात. यात रात्रीचे साडेनऊ झाले. चाचणी पुन्हा चालवली, क्युरियम जागेवर आलं.

सरांना मेसेज टाकला. उत्तर आलं: “बरं. आता टेक्निशियम-९९एम कुठल्या खात्यात बसलंय ते बघ, मग घरी जा.”