नो सूनर... दॅन

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात. दहावीची पोरं आजीजवळ राहतात, अभ्यास त्यांचा त्यांनीच करायचा. अशातली एक मुलगी परवा चाचणीचा पेपर घेऊन आली. ‘नो सूनर... दॅन’ वापरून स्वतःचं वाक्य लिहायचं होतं. तिनं लिहिलं होतं: ‘नो सूनर डिड द ट्रॅक्टर कम दॅन माय मदर लॉक्ड द हाऊस.’ गुण शून्य.

“मॅडम, ह्यात काय चुकलं?”

काहीच चुकलं नव्हतं. इथं भले भले घसरतात. सूनर हे तुलनेचं रूप, म्हणून पुढं दॅनच हवं. व्हेन लागतं ते हार्डलीला. नो सूनर वाक्याच्या तोंडाशी आलं की डिड किंवा हॅड कर्त्याच्या आधी येतं. डिड असेल तर क्रियापद मूळ रूपात, कम. हॅड असेल तर तिसऱ्या रूपात. तिनं हे सगळं सांभाळलं होतं. शिवाय ही रचना असते कशासाठी? एक गोष्ट होते न होते तोच दुसरी घडली, हे सांगायला. ट्रॅक्टर दारात आला आणि आईनं कुलूप घातलं, यापेक्षा नेमकं उदाहरण मला सुचलं नसतं.

पेपर तपासणारे सर म्हणाले, “गाईडमध्ये बेलचं वाक्य आहे, तेच लिहायचं ना.” मी बाकीचे पेपर मागितले. वर्गभर तीच बेल. कितीतरी जणांनी ‘डिड द बेल रँग’ लिहिलेलं, म्हणजे डिडनंतर पुन्हा भूतकाळ, आणि त्यांना पूर्ण गुण! सरांनी फक्त दॅन पाहिलं होतं. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकून पोरानं स्वतःचं एक वाक्य केलं, तर ते आधी वाचावं तरी!

बरीच हुज्जत घातल्यावर तिला गुण मिळाला. ‘रँग’वाल्यांचे कापायला मात्र सर तयार नाहीत, निकाल खाली येतो म्हणे. बोर्डाचा परीक्षक ते कापणारच. म्हणून मुख्याध्यापकांकडून सकाळचा जादा तास मागून घेतलाय. त्यात गाईड बंद; प्रत्येकानं आपल्या घरातलं वाक्य करायचं आणि डिडपुढचं क्रियापद मला मोठ्यानं वाचून दाखवायचं.