तुम्ही विचारलंत म्हणून: फुलपाखरांसाठी कुठलं झाड लावू?

लग्नात, लिफ्टमध्ये, एकदा तर दहाव्याला घाटावर, भटजी यायचे होते तेवढ्यात, हा प्रश्न मला विचारून झालाय. "तुमच्या सोसायटीत फुलपाखरं खूप दिसतात म्हणे, आमच्याकडे पण करायचंय, कुठली फुलझाडं लावू?" आणि मी दरवेळी "एक्झोरा लावा, पेंटास लावा" असं काहीतरी सांगून सटकतो, कारण खरं उत्तर सुरू केलं की समोरच्याचं तोंड वाकडं होतं. आज एकदाच नीट लिहितो, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

फुलांवर फुलपाखरू फक्त जेवायला येतं हो. हॉटेलात येतो तसं. राहतं तिथे, जिथे पोरांच्या जेवणाची सोय असते, आणि पोरं म्हणजे अळ्या, आणि अळ्या फुलं नाही, पानं खातात, ती सुद्धा ठरलेलीच. लाइम बटरफ्लाय लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या पानावर अंडी घालणार. प्लेन टायगरला रुई पाहिजे, तीच जिची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो. एमिग्रंटला बहावा. बॅरनला आंबा. टेल्ड जेच्या अळ्या त्या उंच सरळसोट 'अशोका'वर असतात, जो पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या कंपाउंडला आधीच उभा आहे, म्हणजे तुम्ही लावायला निघालाय ते झाड बहुतेक तुमच्याकडे आहेच, फक्त त्याची पानं कोणी खाल्ली की तुम्ही माळ्याला हाक मारता.

मी पण मारली होती. तेच सांगायचंय.

सहा वर्षांपूर्वी मी सेक्रेटरी होतो. मागच्या पार्किंगशेजारी 'बटरफ्लाय गार्डन' करायची आयडिया माझीच. नर्सरीतून टेम्पो भरून रोपं आणली, पेव्हर ब्लॉक टाकले, बोर्ड केला. बोर्डावर ब्लू मॉर्मनचा मोठा फोटो, कारण 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्याचं फुलपाखरू केलं, असं करणारं देशात पहिलं राज्य आपलं, मग फोटो तोच पाहिजे ना. या ब्लू मॉर्मनच्या अळ्या लिंबाच्या जातीच्याच झाडांची पानं खातात, हे बोर्डावर नव्हतं. मला ठाऊकही नव्हतं.

त्या कोपऱ्यात आधीपासून एक कागदी लिंबू आणि एक कढीपत्ता होता, जुनी झाडं. पावसाळा सरता सरता कढीपत्त्याची पानं दिसेनाशी व्हायला लागली. आधी पानांवर पक्ष्याने घाण केल्यासारखे काळे-पांढरे ठिपके होते, ते मी बघून सोडून दिले. आठवड्याभरात तिथे बोटभर हिरव्यागार अळ्या, आणि कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला, खाली "मुलं खेळतात तिथे", "सेक्रेटरी काय करतायत", आणि एकाने तर "हेच का तुमचं गार्डन". मी जेवता जेवता माळ्याला फोन लावला, म्हटलं, "पंप आण आणि मार औषध." एवढंच. दहा सेकंदांचा फोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो ते फोटो काढायला, ग्रुपवर "काम झालं" टाकायचं होतं. पेव्हर ब्लॉकवर अळ्या पडल्या होत्या. काही आक्रसून काळपट झालेल्या, काहींच्या अंगातून हिरवं पाणी सुटलेलं. एक अजून काडीला धरून होती, मागच्या पायांवर, पुढचं अंग लोंबकळतंय. मी चप्पलच्या टोकाने फांदी हलवली तर तिने डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढली, मऊ, ओली, सावकाश, आणि कसलातरी उग्र वास आला. शत्रूला घाबरवायला काढतात ती. मला घाबरवायला काढली होती. मग ती शिंगं तशीच अर्धवट बाहेर राहिली, आत गेलीच नाहीत.

मी ती शिंगं आधी पाहिली होती. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला अंडी, अळी, कोष, फुलपाखरू असा गोल चार्ट मीच काढून दिला होता, नेटवरून बघून, स्केचपेनने रंगवून. त्यातली अळी मी हिरवी रंगवली होती आणि डोक्यावर दोन केशरी रेघा मारल्या होत्या. वर टायटल 'लिंबावरचे फुलपाखरू'. चार्ट अजून आमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

म्हणजे ठाऊक नव्हतं असं म्हणायची पण सोय नाही. ठाऊक होतं, चार्टवर. झाडावर दिसली तेव्हा ती किड झाली.

आणि हे तिथेच संपलं नाही. मी तिथे उभा असताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वरून म्हणाल्या, "अरे, थोडीच पानं राहिलीयत, सकाळी मी दोन डहाळ्या नेल्या कढीला." औषध मारलेल्या झाडाच्या. माळ्याने संध्याकाळी मारलं, बोर्ड लावायचं, सांगायचं कोणालाच सुचलं नाही, म्हणजे मला सुचलं नाही. मी जिना चढून गेलो, तोवर काकांची एक वाटी पिऊन झाली होती. काही झालं नाही, देवाच्या कृपेने. पण दोन दिवस मी त्यांच्या दारावरून जाताना कानोसा घ्यायचो. काकू माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत आणि मला ते बरोबरच वाटलं.

तेव्हाचा मी अजून मधूनमधून वाद घालतो. म्हणतो, लोक ओरडत होते, तू काय केलं असतंस, ग्रुपवर जीवनचक्र समजावलं असतंस? आणि खरं सांगू का, त्याच्याकडे मुद्दा आहे. विदर्भात संत्र्याच्या कलमांची नर्सरी असलेल्या माणसाला मी "अळ्या राहू द्या" असं सांगायला गेलो तर तो मला हाकलून देईल आणि देऊ दे, कोवळ्या रोपांचं ही अळी खरंच वाटोळं करते, ते त्याचं पोट आहे. पण आमचं काय गेलं होतं? फोडणीतली चार पानं. जुनं झाड होतं, पुढच्या पालवीला परत भरलंही. फवारा मारला नसता तरी भरलंच असतं.

तर आता आम्ही काय करतो, जे बघून तुम्ही विचारता. काहीच फारसं करत नाही. कढीपत्ता दोन आहेत, एक काकूंचा, एक अळ्यांचा, काकूंच्या झाडावर अळी दिसली तर उचलून दुसऱ्यावर ठेवायची, हे काकूंनीच ठरवलं आणि त्याच करतात, चिमट्याने. मागच्या भिंतीलगत टाकळा उगवतो, तो दिवाळीपर्यंत कापत नाही, छोटी पिवळी फुलपाखरं त्यावर वाढतात. यावरून दरवर्षी भांडण होतं, साप येईल म्हणून, आणि साप येणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, त्यामुळे वाटेच्या कडेचा दोन फूट पट्टा कापायला मी कबूल झालो. रुई एकच ठेवलीय, लांब, कारण तिचा चीक डोळ्यात गेला तर खरंच वाईट आणि मुलं खेळतात हा मुद्दा तिथे बरोबर आहे. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका एवढं घरोघरी सांगितलं, सकाळी दहाच्या उन्हात तिथे फुलोरी मधमाश्या बघा, इवल्याशा. दुधी लावलाय एकांनी, त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग येतात. ते कोणी मोजत नाही, फोटो चांगला येत नाही ना.

बघायचं असेल तर ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडी आहे, राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या जमिनीवर केलेली, तिथे जा आणि फुलं नाही, भोकं पडलेली पानं बघा. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं, तिथे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घरोघर आहेत, कारण त्यावर घर चालतं. सोसायटीचं तसं नाही. आमचं घर अळ्यांवर चालत नाही, त्यामुळे आमचं सगळं मूडवर असतं, कमिटी बदलली की संपलं.

आणि मला संत समजू नका. मागच्या वर्षी टेरेसखाली आग्या मोहोळ बसलं तेव्हा मी ते उठवायच्या बाजूनेच हात वर केला. ते आपणहून जातं, सीझन सरला की जातं, हे मीटिंगमध्ये मीच सांगितलं आणि मग हात पण मीच वर केला, कारण सातव्या मजल्यावर तान्हं बाळ होतं. रात्री धूर करून काम झालं, सकाळी झाडणाऱ्या मावशींनी माश्या सुपलीने भरल्या. अजून मीटिंग झाली तर बहुतेक तोच हात वर जाईल. बहुतेक.

फॉगिंगचं तेच. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाही, कुंड्यांखालच्या ताटल्या ओतल्या तर जास्त उपयोग, हे मी बोलून बोलून थकलो. पण दोन वर्षांपूर्वी बाबांना डेंगी झाला, प्लेटलेट्स उतरत होत्या ते दिवस आठवले की "फॉगिंग नको" हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही.

गुरुवारी आहे फॉगिंग. अळ्यांच्या कढीपत्त्यावर आत्ता आठ आहेत, दोघी कोष करायच्या बेतात. जुनी डबलबेडची चादर काढून ठेवलीय, बुधवारी रात्री टाकीन वरून. काकू म्हणाल्या, शिडी मी धरते.