गाणं बघायला शिकताना

केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश संगीतकार-जोडीच्या 'स्टार गिटार' या गाण्याच्या २००२ सालच्या म्युझिक व्हिडिओत गायक नाही, नाच नाही, गोष्टही नाही. धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा फ्रान्सचा मुलूख आहे, बस. थोडा वेळ तसाच जातो आणि मग एकदम ध्यानात येतं की बाहेरचे खांब, इमारती, मालगाडीचे डबे सगळे ठेक्यावर येतायत. एखादा आवाज परतला की त्याच्याबरोबरची वस्तूही परतते. वरचा एक सूर वाढला की खिडकीबाहेर आणखी काहीतरी वाढतं. दिग्दर्शक मिशेल गाँद्रीने आधी हे सारं आलेख-कागदावर आखलं होतं, टेबलावर संत्री, काटे, ग्लास असल्या वस्तू मांडून पाहिलं होतं, आणि मग प्रवासातलं चित्रण संगणकावर गाण्याशी जुळवलं.

इंग्लंडमध्ये लीड्सला मीडियाच्या अभ्यासक्रमाला आल्यावर आमच्या हातात असाच आलेख-कागद दिला गेला. वरच्या ओळीत जे ऐकू येतं ते लिहायचं, खालच्या ओळीत जे दिसतं ते. शब्दांचा अर्थ लिहायला जागाच नाही. मला हे फार अवघड गेलं, कारण आपल्याकडे गाणं म्हणजे आधी कविता. भावगीत ऐकून वाढलेला कान पहिल्यांदा शब्दांकडे धावतो. चाल, ठेका, वाद्यांचा पोत त्या शब्दांच्या मागून येतात. इथे वर्षभर शिकते आहे ते हेच, की चित्राने शब्दांपलीकडचंही ऐकायचं असतं. गाण्यात खर्जातली बेस गिटार असते, श्वास असतो, मोकळी जागा असते. त्यातलं कोण कॅमेऱ्याला हलवणार, हे ठरवणं म्हणजे दिग्दर्शन.

अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाचं नाव इथे सतत कानावर पडतं. त्याने १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात शब्द आणि चित्र यांच्या नात्याचे तीन प्रकार सांगितले. चित्र शब्दांचंच दर्शन घडवतं, किंवा शब्दांत नसलेलं काही त्यात भरतं, किंवा शब्दांशी फारकत घेतं. गाण्यात पाऊस आणि पडद्यावर पाऊस, हा पहिला प्रकार. गाण्यात पाऊस आणि पडद्यावर घर सोडण्याआधी कपाटं रिकामी करणारी मुलगी, हा दुसरा. आता तो पाऊस त्या मुलीचा झाला. आणि रडव्या शब्दांवर जर एखादा माणूस शांतपणे सायकल दुरुस्त करत बसला असेल, तर तो तिसरा. परीक्षेत तिन्ही नावं लिहिली की गुण मिळतात, पण मला गुडविनचं जास्त पटलेलं म्हणणं वेगळंच आहे: या व्हिडिओंचा अभ्यास संगीत बाजूला ठेवून, नुसता चित्रपटाचा तुकडा म्हणून करता येत नाही. त्याच्या आधी इतरांनी केलेल्या बऱ्याच लिखाणात कान जवळजवळ बंदच होते.

आपल्या चित्रपटगीतांकडेही मी आता निराळ्या नजरेने बघते. आपल्याकडे गाणं पात्राचं असतं. गाणारा गळा पडद्यामागे, ओठ नटाचे. दुःख कुणाचं, का, हे कथेने आधीच सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळे चित्रीकरण त्या भावनेवर निवांत उभं राहतं. इथल्या म्युझिक व्हिडिओला मागची गोष्ट नसते. साडेतीन मिनिटांत अनोळखी गायकाची ओळख व्हायला हवी, आणि रेकॉर्ड कंपनीला चेहरा विकायचा असतो, म्हणून जवळचे शॉट मागितले जातात. गुडविनने म्युझिक व्हिडिओची जी वैशिष्ट्यं सांगितली, त्यांत हाही मुद्दा आहे. गंमत अशी की तंत्र मात्र दोन्हीकडे एकच: सेटवर ध्वनिमुद्रित गाणं मोठ्याने वाजवायचं आणि त्यावर ओठ हलवायचे. प्लेबॅकच्या या कौशल्यात आपल्या सिनेमाचा हात धरणारं कुणी असेल असं मला वाटत नाही, आणि इथल्या वर्गात मी ते ठासून सांगितलं आहे.

ब्रिटिशांचं या कलेशी जुनं नातं आहे. क्वीन या बँडने १९७५ साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची चित्रफीत एल्स्ट्रीच्या स्टुडिओत बनवली. ते गुंतागुंतीचं गाणं टीव्हीवर उभं राहून सादर करणं अवघड होतं, त्यामुळे कलाकारांऐवजी चित्रफीतच पाठवता आली. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही गाण्यांची वाहिनी सुरू झाली तेव्हा पहिलं गाणंही बगल्स या ब्रिटिश बँडचं लागलं. वाहिनीला दिवसभर दाखवायला व्हिडिओ हवे होते आणि ते इथल्या बँडकडे तयार होते. अमेरिकेत ब्रिटिश पॉपची पुन्हा लाट आली त्यामागे हे एक साधं कारण होतं. चलचित्रांवर लीड्सचा हक्क तर त्याहून जुना. लुई ल प्रिन्सने १८८८ साली इथल्या राउंडहे भागातल्या एका बागेत चार माणसं चालताना टिपली. उपलब्ध चलचित्रांतलं सगळ्यात जुनं म्हणून ते मानलं जातं. जेमतेम दोन सेकंदांचं, मूक. मी बस पकडते त्या शहरात हे घडलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या सत्रात आम्ही चौघं मिळून एक व्हिडिओ करतो आहोत. गाणं इथल्याच एका विद्यार्थी बँडचं आहे. प्रसिद्ध गाणं घ्यायचं तर रचनेची परवानगी वेगळी, ध्वनिमुद्रणाची वेगळी, आणि विद्यार्थ्यांना दोन्ही मिळणं कठीण. म्हणून ज्यांचं गाणं त्यांच्याचकडे दोन्ही हक्क असतील असे कलाकार बघायला सांगतात. आमच्या गाण्यात दर मिनिटाला १०० मात्रा आहेत. इथलं चित्रण आपल्यासारखंच सेकंदाला २५ फ्रेमचं (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र), म्हणजे एका मात्रेला नेमक्या १५ फ्रेम आणि चार मात्रांच्या बारला ६०. हिशोब पूर्णांकात सुटतो. हेच १२० मात्रांचं गाणं असतं तर मात्रेला साडेबारा फ्रेम आल्या असत्या, आणि अर्ध्या फ्रेमवर कट करता येत नाही.

पण प्रत्येक मात्रेवर कट ठेवला की व्हिडिओ लष्करी कवायतीसारखा दिसायला लागतो. संकलन शिकवणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. कट ठेक्याच्या एखाद-दोन फ्रेम आधी ठेवून बघा, म्हणजे डोळ्याला नवं चित्र कळेपर्यंत ठोका पडतो आणि दोन्ही एकत्र आल्यासारखे वाटतात. आणि कट हा एकच ठेका नव्हे: मान वळणं, दार लागणं, दिवा पेटणं यांनाही ठोक्यावर आणता येतं. तेव्हापासून मी आधी शॉटच्या आतली हालचाल जुळवते आणि कात्री सगळ्यात शेवटी उचलते.

सगळ्यात आनंदाचं काम म्हणजे दुप्पट वेगाचा शॉट. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायिकेने त्याच वेगाने ओठ हलवायचे, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम टिपणार. मग ते २५ ने चालवलं की तिचे ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण केस, कपडे, वारा, मागचे पक्षी सगळं संथ होतं. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या 'यलो'मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर हेच केलं आहे, तेही एका सलग शॉटमध्ये. आमच्या गायिकेला त्यासाठी मिनिटाला २०० मात्रांनी गायचं होतं. ओठांचं जुळणं तपासायची उत्तम जागा म्हणजे प, ब, म. शाळेत शिकलेले ओष्ठ्य वर्ण इथे संकलनाच्या टाइमलाइनवर कामाला आले. 'आ' थोडा सरकला तरी चालून जातो, पण 'म' वर ओठ मिटले नाहीत तर बघणाऱ्याला लगेच खटकतं.

जागा म्हणून लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा काठ निवडला. कालवा कनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या ताब्यात, तेव्हा चित्रीकरणाला त्यांची परवानगी लागते. शिवाय धोक्यांचा तक्ता भरायचा: पाण्याच्या कडेला तिवई, पायात येणारी वायर, सायकलस्वार, थंडी. ओळखू येईल अशा प्रत्येकाची लेखी संमती. सुरुवातीला हे कागद जाचक वाटतात. पण तक्ता भरताना शॉट मनातल्या मनात पूर्ण घडून जातो, कोण कुठे उभं राहील, वायर कुठून जाईल इथपर्यंत, आणि सेटवर गोंधळ होत नाही. डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो, त्यामुळे सेटवर विचार करत बसायची मुभाच नसते.

एक गोष्ट मात्र आम्ही बराच काळ चर्चेत ठेवली. लॉरा मल्वी या ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक बाईंनी १९७५ साली मांडलं की हॉलिवूडच्या चित्रपटांत कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याने बघतो आणि स्त्री बघितली जाण्यासाठी उभी असते. ते वाचून वर्गात आम्ही काही गाजलेले व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले, आणि गायिकेचा चेहरा किती वेळ, नुसते पाय किंवा कंबर किती वेळ, हे नोंदवलं. आवाज बंद असला की हे लपत नाही. माझ्या मते हा धडा कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकाने घ्यायला हवा, इथे आणि आपल्याकडेही. आमच्या गायिकेशी बसून ठरवलं: कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि लेन्सकडे कधी बघायचं ते तीच ठरवणार. तिने फक्त दुसऱ्या ध्रुवपदाची जागा निवडली. तिथे ती वर बघते आणि सगळा व्हिडिओ बदलतो.

गाण्याच्या शेवटी आठ बार शब्दच नाहीत, एकटी बेस गिटार आहे. गटातल्या एकाला तिथे भराभर कट हवे होते. मी एकच लांब शॉट मागितला, काठाने सरकणारा, बेसच्या चढउताराबरोबर जवळ जाणारा आणि मागे येणारा. दोन्ही जोडून पाहिलं, बँडला दाखवलं, आणि लांब शॉट राहिला. आठ बार म्हणजे ४८० फ्रेम, एकही कट नाही. आता रंगांचं काम उरलं आहे. कालव्याचं पाणी फार हिरवं आलंय, ते जरा खाली आणायचं आहे. सादरीकरण झालं आणि बँडने होकार दिला की दुवा इथेच देईन. पहिल्यांदा बघाल तेव्हा कृपा करून हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर ती बेस ऐकूच येत नाही.