कोवळे पान, जून पान आणि येर्बा माते

भाच्याने अर्जेंटिनाहून आणलेले येर्बा मातेचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेत चहासारख्या पिल्या जाणाऱ्या वाळलेल्या पानांचे, पाकीट गेले दोन महिने माझ्या टेबलावर आहे. अंबाजोगाईच्या आमच्या घरात सगळेच चहाचे, त्यामुळे ते फोडले गेले ते चवीपेक्षा कुतूहलापोटी. चिमूटभर माल पांढऱ्या बशीत पसरून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात पातळ हिरवे तुकडे, चामड्यासारखे जाड पिवळसर तुकडे आणि बारीक काड्या अशी सरमिसळ दिसली. एकाच पाकिटात कोवळी आणि जून पाने एकत्र आलेली असणार, आणि ज्याने आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले त्याला एवढ्यावर गप्प बसवत नाही. कोणत्या पानात कॅफीन जास्त आणि कोणत्यात अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये, हा प्रश्न पडतोच.

चहाच्या मळ्यात दोन पाने आणि एक कळी खुडतात, म्हणजे पानाचे वय खुडणीच्या वेळीच ठरते. माते हे मात्र सदाहरित झाड आहे. अर्जेंटिनातील मिसिओनेस आणि कोरिएन्तेस हे प्रांत, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझील येथे त्याची लागवड होते, आणि तोडणीत पानांसह फांद्याच छाटल्या जातात. अर्जेंटिनातील मुख्य तोडणी एप्रिल ते सप्टेंबर या काळात चालते. त्यामुळे नुकते उमललेले पान आणि कित्येक महिने ऊन खाल्लेले पान एकाच भाऱ्यात येतात.

कोवळ्या पानात कॅफीन जास्त असते. हे चहात खरे आहे, कॉफीच्या पानांत खरे आहे आणि मातेतही. यामागचे कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमची गाय दावे तोडून ज्वारीच्या कापलेल्या रानात शिरली होती आणि धसकटांना फुटलेले हिरवे पोंगे ओरबाडत होती. आजोबा अनवाणी धावत गेले आणि तिच्या तोंडातला घास त्यांनी अक्षरशः बोटे घालून बाहेर ओढला. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराने पान चावले की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. पीक वाढत जाते तसे पानातले त्याचे प्रमाण उतरत जाते, आणि पाण्याचा ताण बसला की पुन्हा वाढते, म्हणून दुष्काळी वर्षात खुरटलेली ज्वारी अधिक घातक ठरते. जे पान मऊ, रसाळ आणि नत्राने भरलेले असते त्यावरच किडीचा आणि गुरांचा डोळा असतो, आणि झाड आपले विषही तिथेच अधिक खर्च करते. मातेच्या कोवळ्या पानातले कॅफीन मला त्या पोंग्यांचेच भावंड वाटते. पान जून झाले की त्याची जाड साल आणि वाढलेले तंतू हेच त्याचे संरक्षण होते.

येथे एक गोष्ट सावकाश समजून घेण्यासारखी आहे. पान वाढताना कॅफीनची टक्केवारी घटते, याचा अर्थ कॅफीन नाहीसे झाले असा होत नाही. समजा, एका कोवळ्या पानाचे कोरडे वजन 50 मिलिग्रॅम आहे आणि त्यात 1 मिलिग्रॅम कॅफीन आहे. प्रमाण झाले 2 टक्के. तेच पान 200 मिलिग्रॅमचे झाले आणि कॅफीन दुप्पट, म्हणजे 2 मिलिग्रॅम झाले, तरी प्रमाण 1 टक्क्यावर येते. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, परंतु ‘कोवळ्या पानात अमुक पट जास्त’ असे वाक्य वाचताना ते दर ग्रॅमला की दर पानाला, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

अँटिऑक्सिडंटांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, आणि सगळी गल्लतही इथेच होते. मातेतील मुख्य अँटिऑक्सिडंट म्हणजे क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याच्या कुळातील इतर आम्ले. ज्यांच्या रेणूत कॅफेइक आम्लाचे दोन भाग जोडलेले असतात, ती तर विशेष प्रभावी. नाव सारखे असले तरी कॅफेइक आम्लाचा कॅफीनशी संबंध नाही. म्हणून तरतरी आणणारे पान आणि अँटिऑक्सिडंट देणारे पान एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. या आम्लांचे प्रमाण वयाबरोबरच ऊन, सावली आणि तोडणीचा महिना यांनीही बदलते.

क्लोरोजेनिक आम्ल आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. वांगे चिरले की फोडी काळ्या पडतात, त्या याच आम्लावर पानाफळांतील विकराची (एन्झाइमची) क्रिया झाल्यामुळे. आपण फोडी मिठाच्या पाण्यात टाकतो. मातेचे उत्पादक तोडलेली पाने काही क्षण ज्वाळेतून काढतात. त्या उष्णतेने विकर निकामी होते आणि आम्ल पुष्कळसे टिकते. नंतर पाने वाळवतात, भरडतात आणि अर्जेंटिनात बहुधा अनेक महिने मुरवत ठेवतात. पाकिटातला तुकडा पिवळसर दिसला म्हणून पान जूनच असेल असे नाही, हे मला इथपर्यंत आल्यावर उमगले. तो रंग मुरवण्याचाही असू शकतो.

तरीही एक साधी चाचणी केली. मातेच्या गाळलेल्या फिकट काढ्यात फेरिक क्लोराइडचा एक थेंब सोडला, आणि परीक्षानळीत काळपट हिरवा रंग ढगासारखा खाली उतरला. क्लोरोजेनिक आम्लासारखी फेनॉल वर्गातील द्रव्ये आहेत, एवढीच ग्वाही त्यातून मिळते. ती कोणत्या वयाच्या पानातून आली, हे सरमिसळ केलेला माल सांगू शकत नाही.

त्यासाठी वय माहीत असलेले पानच हवे. मातेचे झाड इथे कुठून आणणार, म्हणून परसातल्या शेवग्यावर नव्याने फुटलेल्या वीस डहाळ्यांना मी लाल दोरा बांधून तारीख टिपून ठेवली आहे. दर पंधरा दिवसांनी पाच डहाळ्या काढायच्या, सावलीत वाळवायच्या, पर्णिका मोजून त्यांचे वजन करायचे आणि मग काढा करून रंग पाहायचा. वहीत दोन रकाने आखले आहेत: एक दर ग्रॅमचा, दुसरा दर पर्णिकेचा. पहिल्या पाच डहाळ्या वर्तमानपत्रावर वाळत आहेत.