मोठी गोष्टच विसरलो

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकाचा पाचवा अंक मी टीवायच्या वर्गाला दरवर्षी एका तासात उरकते. परीक्षेतला प्रश्न ठरलेला: या नाटकात दैवी न्याय आहे का? उत्तरही ठरलेलं. एकीकडे डोळे गमावलेला सरदार ग्लॉस्टर म्हणतो, खोडकर पोरांना जशा माश्या, तसे देवांना आपण; खेळ म्हणून मारतात. दुसरीकडे त्याचाच मुलगा एडगर म्हणतो, देव न्यायी आहेत. दोन्ही लिहा, गुण घ्या.

त्या दिवशी वर्गात जेमतेम अकरा जण होते. एडगरच्या वाक्याची फोड केली: बापाने लग्नाबाहेर एडमंडला जन्म दिला, त्याची किंमत डोळे देऊन चुकवली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "एवढ्याला दोन्ही डोळे, मॅडम? आणि कॉर्डेलियाने काय केलं होतं?" लिअरची ही धाकटी मुलगी शेवटी मारली जाते.

मी नाटककार नाहम टेटला पुढे केलं. त्याने १६८१ मध्ये शेवटच बदलला; कॉर्डेलिया जगते, एडगरशी लग्न करते. जवळजवळ दीडशे वर्षं रंगभूमीवर तोच लिअर चालला. मुलांना हे किस्से आवडतात. मला वाटलं, सुटले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा रात्री एका दवाखान्यात वॉर्डबॉय असतो. माझा तास तो बहुतेक झोपेतच काढतो, मी उठवत नाही. तो पुस्तकावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हे इथे काय आहे?"

लिअरचा जावई ऑल्बनी, त्याचं वाक्य होतं. एडगर बापाच्या मरणाची हकिगत सांगतोय, सगळे ऐकण्यात गुंग. लिअरचा निष्ठावान सरदार केंट येऊन विचारतो, राजा कुठाय? तेव्हा ऑल्बनीला आठवतं: अरे, मोठी गोष्टच विसरलो! लिअर आणि कॉर्डेलिया कैदेत आहेत. एडमंड सांगतो, त्यांना मारायचा हुकूम गेलाय. मग धावाधाव. पळा, पळा! कुणाकडे जाऊ? खूण काय दाखवू? ही तलवार ने.

"आमच्याकडे असंच होतं," तो म्हणाला. "पेशंट ट्रॉलीवर. एक म्हणतो फाइल कुठाय, दुसरा म्हणतो सही कुणाची. मग कुणीतरी म्हणतं, देव आहे ना."

मी पान पाहिलं. देव कॉर्डेलियाचं रक्षण करोत, असं ऑल्बनी म्हणतो, एडमंडला उचलून नेतात, आणि लगेच लिअर येतो. ती त्याच्या हातांवर. इतकी वर्षं शिकवतेय, मी नेहमी देवांच्या ओळी अधोरेखित करायला सांगत आले. ही विसरण्याची ओळ माझ्या प्रतीत कोरीच होती.

"मग परीक्षेत काय लिहायचं?" कुणीतरी विचारलं. मला चटकन सुचेना. तो मागचा मुलगा तोवर हातांवर डोकं टेकून पुन्हा झोपला होता.